सावलीच्या बाजूची कौलं

आणि ती थप्पड मला अजून पटलेली नाही, बाबा. मे महिन्यात मुंबईहून घर शाकारायला आला होतात. उन्हातली कौलं हाताला चटके देत होती म्हणून मी आपला वर बसून सावलीच्या बाजूची काढत होतो. तुम्ही मागून आलात आणि एक ठेवून दिलीत. "दोन्हीकडची सारखी उतरव." का, ते सांगितलं नाहीत. आई चुलीपुढून ओरडली, "जेवणाच्या आधी पोराला कसले मारताय!" तुम्ही पुढचं कौल उतरवायला घेतलंत. मला एवढं शिकवणारा माणूस पुढच्याच वर्षी अंधेरीला एका बंगल्याच्या छपरावरून पाय घसरून पडतो? चिडत आलोय मी तुमच्यावर त्यापायी.

तुमची ट्रंक घेऊन गावी आला तो काका, आपल्याच वाडीतला, तुमच्याच टोळीत काम करणारा. "तेचो पाय घसरलो," एवढंच आईला म्हणाला आणि चहाही न घेता उठला. तेव्हापासून माझा त्याच्यावर विश्वास नाही. मी मुंबईला आलो, गिरणीत टिकलो नाही, त्या नव्या आरे कॉलनीत म्हशींचं शेण काढून कंटाळलो, आणि शेवटी त्याच्याच हाताखाली लागलो. तो आता मुकादम आहे. नजर ठेवायला आलो म्हणा. सध्या जोगेश्वरीला एका शेटचा जुना बंगला उतरवतोय. मोडून टाकायचा नाही. कुजलेलं फेकायचं, चांगलं सांभाळून काढायचं आणि मग घर होतं तसं पुन्हा उभं करायचं. वाशांवर गेरूने आकडे घालायचं काम माझ्याकडे, तिसरीपर्यंतच्या शाळेचा तेवढाच उपयोग. मला वाटतं काका सागाचे वासे गुपचूप बाजारात विकेल आणि माझे आकडे भलत्याच लाकडावर चढतील. उतरवलेली लाकडं रचलीत त्या मांडवात रोज जाऊन बघतो. अजून तरी आहेत.

परवा कौलांना हात घातला. सगळे जाऊन बसले सावलीच्या बाजूला, मीसुद्धा. काका खालून ओरडतोय, "खंय बसल्यात रे मेल्यांनो? एक हयली काढा, एक थयली!" म्हणजे एक इकडचं, एक तिकडचं. माझ्या शेजारचा म्हणाला, "ह्याला काय, हा छत्रीखाली. भाकरी आपली भाजतेय." सगळे हसले. माझा गाल मात्र गरम झाला. हातातलं कौल ठेवून मी खाली उतरलो.

"काका, हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"कामान."

"की माझ्या बापाने?"

तो छत्री मिटून पायरीवर बसला. "तुझो बापूस एकटोच उन्हात होतो. आमी सगळे सावलीत. तो वरडत होतो, दोनीकडची सारखी काढा म्हणान. आमी हसलाव. आमच्या बाजूचो भार गेलो आणि सगळा छप्पर तेच्या बाजूक कलांडला."

"मग पाय घसरला म्हणून का सांगितलंत?"

"खरा सांगितला असता तर ता मालकाच्या कानार गेला असता, पयली माझीच मजुरी गेली असती."

ऐकलं आणि ऊर भरून आला, बाबा. पण वर चढेपर्यंत संशय आलाच. इतकी वर्षं गप्प बसलेला माणूस माझ्या एका प्रश्नाला भडाभडा बोलतो? मेलेल्या बापाला मोठं केलं की पोरगा खूश, वाशांकडे बघायचा नाही, असा तर हिशेब नाही? त्या वेळच्या टोळीतलं आता कोणी नाही, विचारू कोणाला? तुम्हालाच विचारलं असतं. खरं असेल तर तुम्ही घसरला नाहीत, आणि मी उगाच चिडत राहिलो. खोटं असेल तर मी त्याच्याच हातचं खातोय.

काल पगार वाटताना त्याने माझ्या हातात दहा रुपये जास्त ठेवले. "आवशीक धाड. माझा नाव घालू नको." हे कशाचे, म्हणून विचारणार होतो. त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं नाही. परत द्यायचे होते, तेही दिले नाहीत. खिशात घातले. हा कागद काही तुम्हाला पोचायचा नाही, घडी करून ट्रंकेत टाकीन. मनीऑर्डर तेवढी जाईल. पंधरा माझे, दहा त्याचे. आईला माझ्या एकट्याच्या नावाने पंचवीस रुपये पाठवतोय.