फ्रेम कुणी केली

३ फेब्रु. ७४, रवि.
पौष संपतोय न संपतोय तोच बार्शीचे पाहुणे मला बघून गेले. मुलगा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. माझ्याकडे कमी, भिंतीवरच्या फ्रेमकडेच जास्त बघत होता. वाळवलेली शेवंती, कोंबड्याचं फूल, ज्वारीचं कणीस. "हे कुणी केलं?" आई लगेच, "आमच्या हिनंच की!" वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. फ्रेम तिचीच, दिवाळीत केलेली. ती ट्रे ठेवून आत गेली. मी खाली मान घालून कप वाटले.
आईचा राग आला. माझाही.

७ फेब्रु.
पसंती आली! बाबांना आलेल्या पत्रात त्याची माझ्यासाठी वेगळी चिठ्ठी (बाबांनी वाचूनच दिली). शेवंतीचा पिवळा रंग टिकवला कसा, कळवा म्हणे. मला काय ठाऊक, कपाळ! आवडलाय तो मला, लई. पण त्याला कोण आवडलंय, मी का फ्रेम? काही कळेना.

८ फेब्रु.
वहिनीला विचारलं. बारीक वाळू धुऊन वाळवायची, डब्यात फूल पुरायचं, आठ दिवस हात लावायचा नाही. "आईंनी सांगितलं ते र्‍हाऊ दे, वन्सं. तुमचं लगीन जमतंय, फ्रेम कुणाची का असंना." म्हणाली हसून. भाकरी मात्र जोरात थापत होती.

१६ फेब्रु.
मीच फुलं पुरून ठेवलेला डबा उघडला. सगळी फुलं काळी!
"कवा खुडली?" वहिनीनं विचारलं.
पहाटे, पूजेच्या फुलांबरोबर.
"अगं बाई! देवाला घालायची हुती व्हय? दव सुकल्याबिगर खुडायचं न्हाय."
दोघी पोट धरून हसलो. मग एकदम म्हणाली, "तीन वर्सं झाली या घरात. माझ्या हातचं तेवढंच भिंतीवर हाय."
माझं हसू पळालं.

१८ फेब्रु.
दोन पत्रं लिहिली, दोन्ही फाडली. खरं सांगितलं तर लग्न मोडेल, आई जीव घेईल. नाही सांगितलं तर जन्मभर... आणि वहिनी? दादाला विचारलं. "बायकांचं बायकांनी बघावं." शहाणाच!

१९ फेब्रु.
लिहिलं एकदाचं. फ्रेम माझ्या वहिनीची, सुमित्राची. मला फूल वाळवता येत नाही. पोस्टाच्या पेटीत टाकलं. मग हात घालून परत काढता येतंय का बघितलं. नाही येत.
घरात कुणाला सांगितलेलं नाही.

२६ फेब्रु.
दुपारी बार्शीचं पाकीट. बाबांच्या नावाचं नाही, माझ्याही नाही. सौ. सुमित्रा यांस.
वहिनीनं पिठाचे हात पदराला पुसले. "माझ्या नावानं?" तीनदा विचारलं. मग मला सगळं सांगावंच लागलं. रागावली का, कळेना. डोळे भरले होते तिचे.
म्हटलं, फोड की गं, माझा जीव टांगणीला लागलाय!
"थांबा वन्सं, जरा. या घरात माझ्या नावाचं पयलंच हाय."
पाकीट मांडीवर घेऊन बसलीय. फोडत नाही. बाहेर आईच्या चपला वाजल्या.