इथे ठोकायचं नाही

सोमवार, ३

पोचलो एकदाचे. बोट बघितली आणि आम्ही दोघे भाऊ शाळा सुटल्यासारखे हसत सुटलो. रंग उडालेला, पुढच्या काचेला तडा, पण अंग दणकट. जुनं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन. मला असलीच इंजिनं आवडतात, ज्यांच्यात हात घालून काही बघता येतं. धाकट्याने आल्या आल्या डेकवर ताणून दिली आणि विचारलं की आता आपण दोघंही मालक, तर पगार कोण कोणाला देणार. मी म्हटलं, तुला तरी कोणी नाही.

इंजिनात ठोका आहे हे विकणाऱ्याने लपवलं नव्हतं. म्हणून तर ती आमच्या आवाक्यात आली. आणि ठोक्याचं निदान करण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. तीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली, त्यात उजवा कान पूर्ण गेला, डावा निम्मा. पण लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवली की कुठे काय दुखतंय ते मला अजूनही कळतं.

विकणारा किल्ली देऊन लगेच निघाला. धक्क्यावरूनच. बोटीवर त्याने पाय ठेवला नाही.

निघताना भावजयीने मला बजावलं होतं, की ह्यांना नेताय तसे हातीपायी धड परत आणा. धाकट्याचं लक्ष कधी जागेवर नसतं, म्हणून. मी शब्द दिलाय.

मंगळवार, ४

कामाला लागलो. इंजिन खालच्या कप्प्यात आहे. त्याच्या मागे, फ्लायव्हीलच्या पलीकडे, एक माणूस जेमतेम मावेल अशी खोबण आहे. माझं पोट तिथे शिरत नाही, धाकटा शिरतो. सुरू करायचं बटण मात्र वर, सुकाणूपाशी. खालून तो कितीही ओरडला तरी मला ऐकू येत नाही. म्हणून आमचा जुना रिवाज: खालच्याने पान्याने तळावर ठोकायचं. एक ठोका म्हणजे मी आहे. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे हात बाजूला घेतले, सुरू कर. मी तळहात डेकवर टेकून बसतो, ठोका हाताला कळतो. धाकट्याचा शेवटचा ठोका नेहमी ढिला पडतो. लहानपणी दारावरही तो असाच ठोकायचा, आई न बघताच ओळखायची.

सुरू करून खाली उतरलो, मूठ कानामागे लावली. ठोका जड, बोदा. आता साधी रीत: एकेका सिलिंडरचं डिझेल तोडायचं. दुखऱ्या सिलिंडरची पाळी आली की ठोका हलका होतो. पहिला तोडला, ठोका तसाच. दुसरा, तसाच. तिसरा, तसाच. म्हणजे दोष तिघांतही नाही. धाकटा म्हणाला, दादा, दोष तुझ्या कानात असेल.

दुपारी यार्डचा रखवालदार आला. धक्क्यावरच उभा राहिला. मग म्हणाला, इथे ठोकायचं नाही, हाक मारायची. मी म्हटलं, मला ऐकू येत नाही. तो म्हणाला, मग इथे काम करू नका. काय पण स्वागत.

बुधवार, ५

इंजिनाखालचे रबर बदलले. शाफ्ट सोडवून बघितला, पंखा मोकळा केला. ठोका आहेच. मग एक साधी गोष्ट करून बघितली, जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. इंजिनाचा वेग वाढवला. कुठलाही ठोका वेगाबरोबर वाढतो. हा वाढला नाही. इंजिन दुप्पट पळत होतं आणि ठोका आपल्या चालीने. तो इंजिनाचा नव्हताच.

दोन्ही बाजूंच्या बोटी आज हलवल्या. आमच्या शेजारी कोणी नको म्हणे. शिडी कोणीतरी काढून नेली, मी धक्क्यावर उडी मारताना गुडघा फोडून घेतला. समोरचे तिघे बघत होते. एकानेही हात दिला नाही.

गुरुवार, ६

जेवायला बसलो होतो. इंजिन थंड, धाकटा माझ्या शेजारी, पान्याची पेटी बंद. माझा हात सवयीने डेकवर होता. खालून एक ठोका आला. मी आहे.

मी धाकट्याकडे बघितलं. तो पाणी पीत होता.

संध्याकाळी रखवालदाराने धक्क्यावर ठेवलेला आमचा पाना उचलून सरळ पाण्यात फेकला. माझी कॉलर धरून डाव्या कानात ओरडला, की आधीचे दोघेही ठोकायचे, आणि त्यांच्यातला एकच परत वर आला. तोच तुम्हाला बोट विकून गेला. खाली जे आहे त्याला हाक मारता येत नाही, ठोकायला मात्र शिकवावं लागत नाही. आम्ही सगळे हाका मारतो ते काय गळे चांगले आहेत म्हणून?

मी त्याला ढकललं. माणसं नव्या माणसाला पळवून लावायला काहीही रचतात. पण खरं लिहायचं तर मला भीती वाटली. धाकटा म्हणाला, चल, सोडून देऊ. मीच नको म्हटलं. निदान न करता मी आजवर इंजिन सोडलेलं नाही. उद्या एकदा, शेवटचं. धाकट्याकडे दुसरा पाना आहे.

शुक्रवार, ७

धाकटा खाली. मी वर, हात डेकवर. तीन ठोके आले. बटण दाबलं.

इंजिन सुरू झालं, आणि ठोका नाही. अजिबात नाही. इतकं स्वच्छ चालणारं इंजिन मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मी एकटाच टाळ्या वाजवत होतो. खाली वाकून ओरडलो, अरे, काय केलंस काय तू?

तो वर आला नाही.

शनिवार, ८

खोबणीत त्याची एक चप्पल. टॉर्च, चालू. तो नाही. रक्त नाही, काहीच नाही. खाली जायला आणि वर यायला एकच झाकण, आणि मी त्याच्यापाशी बसलो होतो.

पाणबुड्या आणला. धाकटा मिळाला नाही. यार्डातले लांब उभे राहून बघत होते. मी पाया पडलो, तरी एकही जण बोटीवर आला नाही. रखवालदार म्हणाला, दोर कापतो, तू उतर.

भावजयीचे अकरा फोन. उचललेले नाहीत.

एक गोष्ट कालपासून हातात बसली आहे. तिन्ही ठोके सारखे होते. शेवटचाही. मला कळलं होतं. हाताला कळलं होतं, आणि मी बटण दाबलं.

रविवार, ९

सकाळपासून ठोके. दोन. दोन. परत दोन. दुसरा ढिला.

तोच आहे. तोच.

थांब म्हणतोय. पण इंजिन परवाच बंद केलं — किल्ली माझ्या खिशात — कशाला थांबवू?

त्याच्याकडे ते अजून चालूच आहे. दोन दिवस.

दुपार

बॅटरीची वायर तोडली. झाकणाच्या बिजागऱ्या काढल्या, कोणी ते लावू नये म्हणून. पोट आत ओढून शिरलो खोबणीत. कातडं सोललं. त्याच्या टॉर्चच्या उजेडात लिहितोय. शब्द दिला होता —

तळावर एक ठोका दिला. मी आहे.

त्याने दिला. एक. पाठीमागून. इथे पाठीमागे जागा नाही —

मी दोन दिले. थांब, थांब, मी आलोय —

आता माझ्या कानाशी. उजव्या. ऐकू येतंय मला. एक, दोन, तीन. तिन्ही सारखे.

मी नाही दिले. माझे हात अजून इथेच आहेत. वर कोणी नाही, बॅटरी तोडली आहे, किल्ली माझ्या —

वर कोणीतरी डेकवर हात टेक