बांधावरची बादली

११ सप्टेंबर २०२५, गुरुवार

शेत निळं झालंय!

गुडघ्यामुळे जुलैपासून शेतात गेले नव्हते. आज धीरजनं मोटरसायकलवर बसवून नेलं. बांधावर उतरले आणि बघतच राहिले. वेलीनं कपाशीची झाडं बोंडांसकट आवळून टाकलीत आणि वर सगळी निळी फुलं, भोंग्यासारखी. आधी छानच वाटलं. मग ओळखलं. हे फूल मी रोज सकाळी बघते — आमच्या अंगणातल्या मांडवावर.

धीरज म्हणाला, "आई, हाई तन शे. कोळपं येलना बुडले पोचत नही. औंदा निंदाले बाया कोठे भेटन्यात?"

बाया का मिळाल्या नाहीत ते त्याला माहीत आहे. मलाही.

१२ सप्टेंबर

आमची वेल तण कशी असेल? नंदुरबारच्या नर्सरीतून आणलीय. पिशवीवर नाव होतं — मॉर्निंग ग्लोरी. विकत आणून कोणी तण लावतं का? सात वर्षं झाली. गावात कोणाच्याच दारात नाही. रस्त्यानं जाणारा माणूस थांबून बघतो.

शेतातली दुसरीच असणार. रानटी.

१३ सप्टेंबर

झोप लागत नाही म्हणून लिहूनच टाकते.

भिलाटीतली रमिलाबाई वीस वर्षं आमच्या निंदणीला येत होती. ती धरून आठ जणी. पाच-सहा वर्षांपासून कपाशीत एक कोंब यायला लागला — पान मधून चिरलेलं. बाया निंदून गेल्या की आठ दिवसांत पुन्हा! आमच्या शेतात आणि चुनीलाल भाऊजींच्या शेतात, दोनच ठिकाणी. दोन्हीकडे रमिलाबाईचीच टोळी. मी म्हटलं, सापडलं. ह्या बाया दहा वावरांत फिरतात, पायांना लागून बी आणतात.

गेल्या वर्षी आषाढात मी बांधावर बादली ठेवली. पाय धुवा, मग आत. पोरीबाळींसमोर. रमिलाबाई म्हणाली होती, "वयनी, आम्हना पायले काय व्हयनं?" आणखी काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं तिनं, गावाकडे खुरपं दाखवून. मी म्हटलं, आधी पाय धुवा.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण माझी जीभ! दोधूच्या गिरणीवर दळणाला बसलेल्या सगळ्या बायकांसमोर बोलले — मुळासकट काढत नाहीत, वरून खुडतात, म्हणजे पुन्हा मजुरी. एकीनं ऐकलं, दहा जणींनी ऐकलं. यंदा गावात त्या आठ जणींना कोणीच बोलावलं नाही. पहाटे पिकअपमध्ये उभ्यानं निझरकडे जातात म्हणे, गुजरातेत.

१६ सप्टेंबर

कृषी सहायक उमाकांतभाऊ ग्रामपंचायतीत आले होते. मी पिशवीत दोन फुलं, दोन पानं घेऊन त्यांच्याकडे गेले. घरचं कुठलं, शेतातलं कुठलं, सांगितलंच नाही. त्यांनी उलटून-पालटून पाहिलं.

"दोन्ही एकच आहेत, ताई."

"मग हे तण की शोभेचं?"

"मांडवावर शोभेचं. कपाशीत आलं तर फार वाईट तण. बी टणक असतं, वर्षानुवर्षं मातीत मरत नाही."

मी विचारलं, घरापासून शेत दीड किलोमीटर, वाऱ्यानं जाईल का? म्हणाले, "छे! कुणी नेल्याशिवाय जात नाही."

कुणी नेल्याशिवाय! बघा — पायच! म्हणजे आमच्या अंगणातून नेलं असेल, पण नेलं त्यांनीच. हलकी होऊन घरी आले. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१७ सप्टेंबर

सकाळी अंगण झाडलं. वेलीखाली वाळलेली बोंडं, काळं काळं बी. केर टोपल्यात भरला, उकिरड्यावर नेऊन ओतला. रिकामं टोपलं हातात घेऊन तिथेच उभी राहिले.

सात वर्षं रोज ओततेय.

उन्हाळ्यात ह्याच उकिरड्याचं शेणखत ट्रॉलीत भरतात. चार ट्रॉल्या आमच्या शेतात, दोन भाऊजींच्या. आणखी कुठे नाही.

रमिलाबाईनं खुरपं गावाकडे दाखवलं होतं. आमच्या घराकडे दाखवलं होतं ते.

तरी खात्री करायचीच. उकिरड्याच्या तळचं खत फुटक्या घमेल्यात भरलं, न्हाणीमागे ठेवलं. पाणी घातलं. कोणाला सांगितलं नाही. देवा, काही उगवू नको देऊस.

२० सप्टेंबर

काही नाही.

२३ सप्टेंबर

पाच कोंब. पान मधून चिरलेलं, गुराच्या खुरासारखं.

ह्या घमेल्यात कोणाचा पाय पडला नव्हता.

दिवसभर एकच डोक्यात. इतकी वर्षं हे तण शेतात होतं आणि त्याचं फूल आम्ही कधी पाहिलं नाही. का? तर फूल येईपर्यंत त्या बाया राहूच देत नव्हत्या. मुळासकट काढत होत्या. मी दर उन्हाळ्यात नवं बी पाठवत होते, त्या दर पावसाळ्यात उपटत होत्या. आणि चोर कोण? त्या!

ह्यांना सांगितलं. जेवता जेवता म्हणाले, "तोंड गप ठेव. गावमा हासं व्हई." सिंधुबाई, माझी जाऊ, तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे ना माय, कोन इचारस आते?"

कोणी विचारणार नाही, हे खरंच आहे. मी गप्प बसले तर कोणाला कधीच कळणार नाही. म्हणूनच घास उतरत नाही.

२५ सप्टेंबर

वेल उपटली. मांडवासकट. केर उकिरड्यावर नाही टाकला, जाळला. अंगण भुंडं दिसतंय. रडले. वेलीसाठी नाही — लाजेनं.

२६ सप्टेंबर

संध्याकाळी भिलाटीत गेले, पहिल्यांदाच. वीस वर्षांत त्यांच्यापैकी कोणाचं दार पाहिलं नव्हतं. पिकअप आला, रमिलाबाई मागून उतरली, डोक्यावर सरपणाचा भारा, एका हातानं कंबर धरून. वाळलीय.

तिथेच रस्त्यात सगळं सांगितलं. अंगण, उकिरडा, घमेलं. ती भारा न उतरवता ऐकत राहिली. मी म्हटलं, चुकले, माफ कर. उद्यापासून ये आमच्याकडे.

ती म्हणाली, "जठे बोलनात, तठेच बोला."

एवढंच. आणि घरात गेली.

२७ सप्टेंबर

नाही गेले गिरणीवर. दळण भरून ठेवलंय, डबा दारात आहे. दोनदा उचलला, दोनदा ठेवला.

२८ सप्टेंबर, रविवार

गेले. नऊ बायका होत्या. दोधूला म्हटलं, भाऊ, जरा मशीन बंद कर. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. डबा खाली ठेवला. बोलले. बी माझ्या अंगणातलं, खत माझ्या उकिरड्याचं, रमिलाबाईवर मी खोटा आळ घेतला. तिचं काम चोख होतं.

एक म्हातारी खोकली. मग दोधूच म्हणाला, "मन्हा वावरमा कपाशी शे. मी बलावस त्यासले." आणि मशीन चालू केलं.

आता दोन दिवस हे घरी माझ्याशी बोलणार नाहीत, माहीत आहे.

४ ऑक्टोबर

आज आल्या, आठही जणी. बादली मी आधीच घरी आणून लपवली होती. दुपारपर्यंत त्यांनी वेलीचे तीन ढीग घातले. रमिलाबाई बांधावर आली, म्हणाली, "वयनी, बादली कोठे शे?" मी म्हटलं, नको गं, आता कशाला पाय धुता?

"येतांना नही, जातांना. आते दोधूभाऊना वावरमा जानं शे. तठे हाई येल नही."

धीरजनं घरून बादली आणली. आठही जणींनी पाय धुतले, टाचासुद्धा, आणि गेल्या.