टॉकीजच्या गेटवर दिलेली चिठ्ठी

प्रिय अण्णा,

तुम्ही होतात तेव्हा सासरहून, कुरुंद्याहून मी तुम्हाला कधी दोन ओळी पाठवल्या नाहीत. आता पत्ता नाही, तर लिहायला बसलेय! पण आज दुपारी हिंगोलीत तुमची टॉकीज पाडताना पाहिली. तिथं गेटवरचे रहीमचाचा भेटले. त्यांनी जे सांगितलं ते तुम्हाला सोडून कुणाशी बोलावं, कळत नाही.

पडद्याची भिंत आधीच गेली होती. रस्त्यावरून थेट तुमची सिनेमाच्या मशीनची खोली दिसत होती. एवढीशी खोली? त्या तापलेल्या मशीनजवळ बनियनवर उभं राहून तुम्ही अर्धं आयुष्य कसं काढलंत हो?

गावाला टॉकीजचं काही पडलेलं नाही. आधी दसऱ्याला तंबूतला सिनेमा यायचा, मग पत्र्याची टॉकीज झाली, मग ही बाल्कनीवाली. पत्र्याच्या टॉकीजमध्ये आता हळदीची पोती असतात, आणि हिच्या जागी दुकानं होणार आहेत. तंबूत तुम्ही मशीन शिकलात ते लग्नाआधीच. आई म्हणायची, "मला बघाया आले तवा बी ह्यांच्या अंगाला मशीनच्या तेलाचा वास व्हता."

आणि तो रीळ चुकल्याचा किस्सा! चौथ्याच्या आधी पाचवं लावलंत. पाचव्यात हिरोचा बाप मेला आणि चौथ्यात पुन्हा जेवायला बसला. कनेरगाव नाक्याहून आलेला एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "वाचला बाबा एकदाचा!" हे सांगताना तुम्ही हसून हसून डोळे पुसायचात. आईनंतर तो किस्सा तुमच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही. ऐकायला मी तुमच्याजवळ बसलेच कुठं?

सिनेमा चालू असताना कुणाला बाहेर बोलवायचं, तर तेव्हा फोन कुठले? गेटवर चिठ्ठी द्यायची. रहीमचाचा ती वर आणून देत, तुम्ही काचेच्या पट्टीवर लिहून पडद्यावर टाकायचात. गोरेगावच्या अमक्यांनी ताबडतोब बाहेर यावे, एवढंच. तुमचं अक्षर अख्ख्या हिंगोलीला माहीत होतं. मला त्याचा केवढा तोरा होता!

मी दहावीत होते. आई दुखण्यानं गोरेगावला मामाकडे होती, मी तिच्याजवळ. त्या दुपारी तिचा श्वास अडकायला लागला आणि मामा मिळेल त्या जीपनं तुम्हाला आणायला निघाला. आई सारखी विचारत होती, "आले का गं?" मी दारात जायची, परत यायची. मामा आला तो एकटाच. म्हणाला, "चिठ्ठी देली. दोन घंटे गेटवर बसलो. आला न्हाई. त्याला सिनेमा मोठा."

तुम्ही संध्याकाळी आलात. आई तासाभरापूर्वी गेली होती.

तेराव्यानंतर मी तुम्हाला एकदाच विचारलं, चिठ्ठी मिळाली होती का? तुम्ही म्हणालात, "व्हय. मिळाली व्हती." आणि अंगणात निघून गेलात. त्या दिवशी माझ्यापुरते तुम्ही संपलात, अण्णा. लग्नात तुमच्या पाया पडले ती लोकांसाठी. तुमच्या शेवटच्या दुखण्यात आले तीही लोकांसाठीच.

आज रहीमचाचांनी मला ओळखलं. थकलेत फार. विटांच्या ढिगावर बसले होते. माझा हात धरून म्हणाले, "बेटी, वो चिठ्ठी मेरे जेब में रह गयी थी. त्या दिवशी हाऊसफुल व्हतं, गेट सोडता येईना. मला वाचाया येत न्हाई. तुज्या मामाला मी वळखत नव्हतो."

मी म्हटलं, "पण मामानं सांगितलं नाही का, ऑपरेटरला द्या म्हणून?"

"न्हाई ना! हे पडद्यावर टाका म्हणला. मला वाटलं, पब्लिकमधला कुणी आसंल."

कसं असतं बघा. मामा कधी टॉकीजची पायरी न चढलेला माणूस. त्याला वाटलं, आत असलेल्या कुणालाही असंच बोलवतात. मशीनवाल्यालासुद्धा! आणि मग तो पायरीवर बसून राहिला, तुम्ही वाचूनही येत नाही असं समजून.

मामा निघून गेल्यावर, शो सुटायच्या बेताला चाचांनी चार चिठ्ठ्या वर नेल्या. तुम्ही एकेक काचेवर लिहीत गेलात. चौथ्या चिठ्ठीवर तुमचंच नाव होतं. चाचा सांगत होते, तुम्ही हातातली काच खाली ठेवलीत, मशीन तसंच चालू सोडलंत आणि अनवाणी पळालात. दुसऱ्या दिवशी ते रडत आले, तर म्हणालात, "कुणाला सांगू नको. लेकरू तुला चाचा म्हणतंय."

काहून असं केलंत, अण्णा? चाचांवर रागावले असते, वर्षभर बोलले नसते, मग बोलले असते. मामा चार दिवस कपाळ बडवून गप्प झाला असता. त्या दोघांना वाचवलंत, आणि माझा बाप माझ्यापासून काढून घेतलात. एवढी वर्षं! हा कसला चांगुलपणा? मला राग आलाय. तुमचा, आणि त्याहून जास्त माझा. तुम्ही "व्हय" म्हणालात तेव्हा तुमच्या तोंडाकडे मी एकदा नीट का नाही पाहिलं?

मामा अजून आहे. अजूनही कुठल्या लग्नात तुमचं नाव निघालं की सांगतो, "चिठ्ठी देली व्हती म्या." आणि मी शेजारी बसून मान हलवते.

उद्या सकाळी गोरेगावला जाते. चाचांचं नाव तुम्ही लपवलंत, मीही सांगणार नाही. मामाची चूकही काढणार नाही, तो आता ऐंशीचा आहे. एवढंच म्हणेन, चिठ्ठी उशिरा पोचली, आणि अण्णा अनवाणी धावत निघाले होते. तो विचारेल, तुला कुणी सांगितलं? मी सांगेन, मी त्यांची मुलगी आहे, मला माहीत आहे. आणि यापुढं तो चारचौघांत तुमच्याबद्दल तसं बोलला, तर मी मान हलवणार नाही, बोलेन. हा शब्द देते.

तुमची,
सुमन