पटरीवर चालणारे पाय

बाबा, आज आमच्या वॉर्डातून एक माणूस स्वतःच्या दोन्ही पायांनी घरी गेला. मोहगावकडचा कपाशीचा शेतकरी. आजार तुमचाच: बिडीपायी पायातल्या रक्तवाहिन्या बुजलेल्या, अंगठा काळा पडलेला. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटून राहिलं आहे.

तुम्ही रेल्वेत चावीवाले होते. खांद्यावर हातोडा घेऊन तिगावकडची पटरी रोज पायी तपासायची, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या की ठोकायच्या. मी पांढुर्ण्याच्या शाळेत होते, त्या ऐंशीनंतरच्या वर्षांत तुम्ही चालता चालता थांबायला लागले. "पोटरी कोनी पिळून राहिलं असं वाटते," आईला सांगायचे. नागपूरच्या डॉक्टरांनी बिडी सोडा म्हटलं, तर घरी येताच तुम्ही अख्खं बंडल चुलीत टाकलं. आम्हाला वाटलं, पाय वाचला. पण उशीर झाला होता. दुसऱ्या खेपेला डॉक्टर पाय काढावा लागेल म्हणाले, तेव्हा तुम्ही विचारलं, "साहेब, मोठी शीर बुजली तं रगत दुसरी वाट काढत नाही का?"

"काढतं," ते म्हणाले, "पण पायाला पुरेल एवढी नाही. ती वाट वाढवायचा इलाज आमच्याजवळ नाही."

तुम्ही माझ्याकडे वळले. म्हणाले, "पोरी, तू बाहेर बस."

गुडघ्याखालून पाय गेला. रेल्वेनं तुम्हाला फाटकावर बसवलं. पटरी दुरुस्त करणाऱ्या तुमच्या गँगची माणसं तिथून जाताना जय भीम घालायची. तुम्ही जय भीम म्हणायचे आणि त्यांच्या पायांकडे पाहत राहायचे.

मी याच आजाराची डॉक्टर झाले. आता आम्ही रोग्याच्याच कमरेच्या हाडातली मज्जा काढतो, तिच्यातल्या मूळपेशी वेगळ्या करून पोटरीत टोचतो. त्यांच्या आधारानं नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटाव्यात, एवढीच आशा. सगळ्यांना लागू पडत नाही. कित्येकांना शेवटी मीच पाय काढायला पाठवलं. या माणसाची जखम मात्र भरली. तुम्ही गेले तेव्हा यातलं काहीच नव्हतं, हे मला कळतं. कळून काही उपयोग होत नाही.

आज तो व्हरांड्यातून भराभर निघाला आणि त्याची शाळकरी मुलगी मागून ओरडत होती, "बाबा, दमानं चाला ना." सगळे हसले, मीही हसले. हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मला त्या पोरीचा हेवा वाटला.