पलीकडच्या खोऱ्यापर्यंत

३ ऑक्टोबर
आज पहाटे पुन्हा तोच आवाज कानात— बाबा गेले त्या सकाळची त्रेंबिता. मी नऊ वर्षांचा. आजोबांनी अंगणात उभं राहून तो लांबलचक लाकडी कर्णा आकाशाकडे धरला आणि फुंकला. आधी एक लांब हंबरडा, मग तुटक तुटक, मग पुन्हा लांब. समोरच्या उतारावर गवत कापणारी माणसं जागच्या जागी थांबली. तनासीनं माझा हात घट्ट धरला होता. माझा धाकटा भाऊ, तरी धीर मलाच देत होता!

४ ऑक्टोबर
धुकं. बटाटे उकडले. मीठ संपलं.

७ ऑक्टोबर
चाळीस वर्षांत या वाडीत जो कोणी गेला, त्याच्यासाठी त्याच्या अंगणात मीच वाजवली. माझ्या बायकोसाठी, कलिनासाठीही. तिच्यासाठी वाजवताना श्वास पुरेना, तरी शेवटापर्यंत वाजवली. आता दुसरा कोणी उरला नाही. पोरं गेली पोलंडला, इटलीला. मग माझ्या वेळी? तसाच मुकाट जाणार?

तनासीला येते. माझ्याहून गोड वाजवतो, लबाड. पण तो डोंगरापलीकडे, आणि आमचं बोलणं बंद— एकोणीस वर्षं. वीज पडलेलं एक स्प्रूसचं झाड मी नव्या त्रेंबितेसाठी राखून ठेवलं होतं. अशाच झाडाची करतात ती, मग तिच्यात ढगांचा आवाज उतरतो. यानं ते तोडून लाकूड-गिरणीला दिलं! मी म्हणालो, "माझ्या मरणालासुद्धा येऊ नकोस." हे शब्द माझेच. त्याला काय बोल लावायचा.

१० ऑक्टोबर
पाहुणी आली. शहरातली, ओलेस्या नाव, पाठीवर तिच्याएवढी पिशवी. डोंगर बघत एकटीच हिंडते म्हणे. "आजोबा, दोन-तीन दिवस राहू?" मी उगाच विचार केल्यासारखं केलं. मग मक्याचं पीठ सायीत शिजवलं, वरून मेंढीचं चीज. दोनदा मागून घेतलं तिनं!

११ ऑक्टोबर
तिला शाळेतली कविता म्हणून दाखवली, हिवाळ्यातल्या नदीची. चौथ्या कडव्याला अडलो. गुरुजी असते तर बाकावर उभं केलं असतं. ती म्हणाली, "मग पुढचं तुम्हीच रचा." रचलं! बरं जमलं नाही. पण कितीतरी दिवसांनी घरात कोणी हसलं.

१३ ऑक्टोबर
ओलेस्या आज गेली. निघताना भिंतीवरची त्रेंबिता बघून म्हणाली, "एकदा ऐकवा ना."

मला गुरं कुरणावर नेतानाची चाल वाजवायची होती. देवाशपथ, तीच. अंगणात उभा राहिलो, डोळे मिटले, आणि ओठांनी मरणाची धरली. इतकी वर्षं तीच वाजवतोय ना! अर्ध्यावर कळलं. पण ती अर्ध्यावर सोडत नाहीत. पुरी केली. पोरगी टाळ्या वाजवत होती. तिला काय ठाऊक!

ती वळणाआड जाते न जाते तोच खालच्या घरातली ओदोकिया धापा टाकत वर आली. हातात मेणबत्ती, डोक्याला काळा रुमाल.
"अरे मेल्या, तू जिवंत?"
"दिसतोय ना."
"मग वाजवतोयस कोणासाठी? स्वतःच्या अंगणात उभा राहून मरणाला हाक मारतोस? लाज नाही वाटत, या वयात!"
मी विचारलं, "आणखी कोण कोण निघालं होतं?"
"कोण निघणार? सगळे बटाटे काढतायत. म्हणाले, संध्याकाळी जाऊ."
संध्याकाळी! मेणबत्ती तिनं परत नेली. म्हणाली, "लागेलच कधीतरी." वाडीभर सांगून टाकते म्हणाली, उगाच कोणी चढायला नको.

१४ ऑक्टोबर
सणाचा दिवस. चर्चला गेलो नाही. सगळे हसतील. खालून गाणी ऐकू येत होती. पाहुणीच्या ताटलीत थोडं उरलं होतं, कुत्र्याला घातलं. खरं सांगायचं तर दिवसभर पायवाटेकडेच बघत होतो. मेलेल्याला भेटायला संध्याकाळी येणार होते, जिवंताला कशाला येतील?

१५ ऑक्टोबर
कोणी नाही.

१६ ऑक्टोबर
सकाळी दाढी करत होतो. अर्धा चेहरा साबणात. दार न ठोठावता कोणीतरी आत आलं. प्रेत असलेल्या घराचं दार ठोठावत नाहीत. वळून बघतो तर तनासी! केस पांढरेफटक, गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर स्वतःची त्रेंबिता. माझ्या अंगणातला आवाज पलीकडच्या खोऱ्यात ऐकून अख्खा डोंगर ओलांडून आणलेली. त्याला कोण सांगणार होतं मी जिवंत आहे म्हणून?

त्यानं माझा साबणातला चेहरा बघितला. मग धपकन बाकावर बसला.
"वाजवली कुणी मग?"
"मीच."
"तरीच!" बाहीनं डोळे पुसत म्हणाला, "दुसरा श्वास अजून उशिरा घेतोस, गाढवा."