डाव्या बरगडीखाली

३ फेब्रुवारी, मंगळ.
अजितने दोन पोळ्यांत हात धुतले. "बस यार, पोट भरलं." याच नवऱ्याला चार पोळ्यांनंतर भाताची आठवण व्हायची. पँट ढिली झालीय म्हणून खूश आहे. डावीकडे जड वाटतं म्हणाला, म्हणून दिवाणावर आडवं केलं. श्वास घे म्हटलं. बरगडीखाली बोटांना काहीतरी टेकलं आणि मागे गेलं. पानथरी! स्प्लीन हाताला लागायला नको.
"गॅस आहे," म्हटलं मी. हसूनसुद्धा दाखवलं.

४ फेब्रु.
डिस्पेन्सरीत पेशंटकडे लक्ष नाही. ज्युनियर्सना मीच शिकवते: आधी बोटांनी वाजवून बघा, मग चाचपा. लागली तर बहुधा वाढलेली असते. नाही लागली म्हणून नाहीच, असं समजू नका. आणि मनात भीती धरून चाचपलं की बोटं नको तेच शोधून काढतात. मग आता माझ्या बोटांवर विश्वास ठेवायचा की...
संध्याकाळी परत बघितलं. जिथे पोकळ वाजायला हवं तिथे भरीव. "और कितना गॅस निकालेगी?" अ. हसत होता.

६ फेब्रु., शुक्र.
सक्सेना मॅडमना दाखवलं. आमच्याच डिस्पेन्सरीतल्या, हात चांगला. मुद्दाम काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांच्या बोटांनाही माझी भीती लागली असती. बाहेर येऊन म्हणाल्या, "मुझे तो कुछ नहीं मिला. आप बेकार घबराती हैं."
गाडीत बसेपर्यंत आनंद टिकला. नाही लागली म्हणून नाहीच, असं नाही. ज्युनियर्सना सांगताना किती सोपं वाटतं!
सहज म्हटल्यासारखं म्हटलं, सोनोग्राफी करून टाकू, रुटीन म्हणून. अ.चा चेहरा उतरला. "बाबांचंही रुटीनच होतं ना?" त्याचे बाबा त्या तपासणीनंतर अ‍ॅडमिट झाले ते घरी आलेच नाहीत. "तू हात लावून बघितलंस, पुरे. मला तुझा हात बिल्कुल चालतो."


८ फेब्रु., रवि.
वर्षाला फोन. माझी बॅचमेट, पुण्याला असते. अ. समोरच पेपर वाचत बसलेला. स्प्लीन म्हटलं असतं तर कान टवकारले असते. म्हणून म्हटलं, "पानथरी लागतेय गं. दोन्ही वेळा." दिल्लीत वाढलेला माणूस, त्याला हा शब्द कुठून येणार?
वर्षा चिडली. "वेडी आहेस का? हाताने संशय येतो, निदान होत नाही. उद्याच्या उद्या सोनोग्राफी कर."
खरंय. पण सोनोग्राफीत दिसलं तर?
त्याचे कपडे धुवायला टाकले. बनियन घामाने ओला. या थंडीत. 

९ फेब्रु., सोम.
चहा घेताना अ. म्हणाला, "अगं, पानथरी म्हणजे काय?"
"पानांची एक भाजी असते. वर्षा करते." तोंडातून निघताच लाज वाटली.
"अच्छा." कप खाली ठेवला. दिवाणावर आडवा झाला, शर्ट वर केला आणि माझा हात धरून डाव्या बरगडीखाली ठेवला. नेमका तिथेच.
"चलो, बघ. लागते का ती भाजी?"
मी बोटं दाबली नाहीत. "हात पुरत नाही रे इथे," म्हटलं. गेल्या मंगळवारपासून त्याच्याशी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य. त्याने शर्ट खाली ओढला. मग म्हणाला, "तू आत येशील ना बरोबर?"
सोनोग्राफी सेंटरवाल्यांनी अकराला बोलावलंय. तो बूट घालतोय, चहा तसाच राहिलाय. माझ्या बोटांना अजून ती लागतेय.